पाच गिअर की सहा? समृद्धीवरचा हिशेब

समृद्धी महामार्गावर कारला सपाटीला ताशी १२० किमीची मुभा आहे. चाकाचा घेर १.९ मीटर धरला तर या वेगात चाक मिनिटाला साधारण १,०५० फेरे घेतं. पाच गिअरच्या गाडीत टॉप गिअर आणि डिफरन्शियल (चाकांना फिरवणारा शेवटचा गिअर-संच) मिळून गुणोत्तर ३.४ असेल, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे ३.४ फेरे, तर इंजिन ३,५८० आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) आसपास. सहाव्यात तेच २.८ असेल, तर २,९५०. फरक कानाला लगेच कळतो, पेट्रोलही सहसा वाचतं. पण ओव्हरटेक करायचा म्हटलं की सहावा ढिम्म! खाली पाचव्यात यावंच लागतं. पाच गिअरवाला आवाज करत का होईना, त्याच गिअरात निघून जातो. शहरापुरती गाडी हवी तर पाच पुरेत. लांब पल्ल्याला मी सहा घेईन; फक्त टेस्ट ड्राइव्हला ताशी १०० वर आरपीएमचा काटा बघून, कारण काही गाड्यांत सहावाही आखूडच असतो, म्हणजे त्यातही इंजिन जोरातच फिरतं.