माऊसने ओढून फॉर्म बांधण्याचे आठ महिने

सकाळी सातला सावद्याहून केळी व्यापाऱ्याच्या मुनीमजींचा फोन. "भो, हमाली कुठी गेली?" काट्यावर गाड्या उभ्या आणि मी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या पावतीच्या फॉर्मवर हमालीचा रकाना 'छापा' बटणाखाली अर्धा दडलेला. भुसावळहून मोटरसायकल काढली. पेट्रोल अर्थातच माझं.

प्रोग्रॅम लिहायच्या व्हिज्युअल स्टुडिओतला विनफॉर्म्स डिझायनर, म्हणजे रकाने-बटणं माऊसने ओढून फॉर्म बांधायचं अवजार, आठ महिने वापरतोय. कम्युनिटी एडिशन, म्हणजे फुकट, त्यामुळे कुरकूर करायला तोंड नाही, तरी करणार. गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, भाव असे रकाने ओढत गेलो आणि एका दुपारीत फॉर्म उभा राहिला. हेच कोडने करायला मला दोन दिवस लागले असते. तेव्हा पाचपैकी पाच देऊन मोकळा झालो होतो.

मग लॅपटॉप घेतला. सेकंड हँड, स्क्रीनवरचं सगळं १२५ टक्के मोठं करून दाखवणारा. एक बटण जरासं सरकवलं, सेव्ह केलं, आणि बघतो तर डिझायनर स्वतः लिहितो त्या फाइलीतले जागेचे-मापाचे झाडून सगळे आकडे बदललेले! ऑटोस्केलडायमेन्शन्स, म्हणजे फॉर्म कोणत्या मापावर बांधला त्याची नोंद, ७, १५ होतं, ते ८, २०. १०० टक्क्यांना ९६ डीपीआय (इंचाला ठिपके), १२५ ला १२०. ज्या मशीनवर उघडाल त्याच्या मापाने हा बाबा सगळं नव्याने लिहितो. एका बटणापायी गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या वहीत, पानभर लाल-हिरव्या ओळी. त्यात आपण नेमकं काय बदललं ते शोधा आता! १०० टक्क्यांवर पुन्हा सुरू करा म्हणणारी पिवळी पट्टी वर येते खरी. ती मी रोज फुली मारून घालवायचो.

एवढ्या शिव्या घालत सावद्याला पोचलो, मुनीमजींच्या खुर्चीत बसलो, आणि थोडं खजील व्हायला झालं. डिझायनरने लिहिलेले रकाने सगळे जागेवर होते. फॉर्म उघडताना ते त्या मशीनच्या मापात परत बसतात. घसरला होता तो एकटा हमालीचा, आणि तो मी नंतर हाताने टाकलेला: डिझायनरचे रकाने मांडणाऱ्या इनिशियलाइझकंपोनंटच्या ओळीखाली, जागेचा आकडा सरळ पिक्सेलमध्ये ठोकून. लॅपटॉपवर खाली-वर दिसला म्हणून आकडा वाढवला होता. तोच आकडा मुनीमजींच्या १०० टक्क्यांच्या स्क्रीनवर थेट बटणाखाली गेला.

आता रकाने टेबललेआउटपॅनेलमध्ये, म्हणजे आपोआप ओळीत बसवणाऱ्या चौकटीत, ओळी कोडमधल्या लूपने. तोलाई वाढवायची तर यादीत एक नाव वाढवायचं, माऊस लागत नाही. प्रोजेक्ट फाइलीत फोर्सडिझायनरडीपीआयअनअवेअर ट्रू केलंय (डिझायनरने कायम १०० टक्क्यांच्याच मापात काम करावं म्हणून), तेव्हापासून आकडे हलले नाहीत. ही सोय व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ च्या १७.८ पासून आहे. जुन्यावर असाल तर आधी अपडेट करा. लॉगिनसारखे चार रकान्यांचे फॉर्म मात्र अजून माऊसनेच ओढतो, तेवढ्यासाठी कोड कोण लिहीत बसतो?

गुण आता साडेतीन. अर्धा त्या पिवळ्या पट्टीचा कापलाय, ती लाल हवी होती.

पेट्रोलचे पैसे मागितले नाहीत. मुनीमजींना अजून वाटतं प्रिंटरनेच हमाली खाल्ली, आणि मी ते तसंच राहू दिलंय.