ॲडमिशन पाच मिनिटात, रिफंडला मात्र गणपती गेले, नवरात्र गेलं

५ पैकी २ स्टार, तेही एलसी दुसऱ्या दिवशी दिली म्हणून.

जून २०२४ मध्ये पोरीची बीसीएसला ॲडमिशन घेऊन ठेवली होती, पुण्यातलंच कॉलेज, नाव लिहीत नाही. ६२ हजार भरले, हाताशी एक सीट असावी म्हणून, आपण सगळेच करतो. ऑगस्टमध्ये कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधून, इंजिनिअरिंगला नंबर लागला आणि इथलं कॅन्सल करायची वेळ आली. पैसे घेताना काउंटरवरचे दादा पाणी विचारत होते, कॅन्सल म्हटल्यावर मान वर करेनात.

आधी पावतीच्या मागचं बारीक अक्षर दाखवलं, "भरलेली फी परत मिळणार नाही". मी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) फी परतीच्या पत्रकाची प्रिंटच घेऊन गेलेलो. मग म्हणे नियमानेच देऊ, पण ८० टक्के, १२ हजार ४०० कापणार. हा २०१८चा तक्ता बरं का, प्रवेशाची शेवटची तारीख उलटून १५ दिवसांच्या आत सोडलं तर ८०, ३० दिवसांच्या आत ५०, त्यानंतर भोपळा. पण २०२४-२५ साठी यूजीसीने वेगळं काढलं होतं, ३० सप्टेंबरपर्यंत सोडलं तर पूर्ण फी, ३१ ऑक्टोबरपर्यंत फार तर १ हजार कापायचे. क्लार्कला हे माहीत नव्हतं असं मला अजिबात वाटत नाही.

अर्ज दिला तर म्हणे ठेवून जा, साहेब आले की बघतील. इथे हलू नका! मी पाऊण तास उभा राहिलो पण दुसऱ्या कॉपीवर इनवर्डचा शिक्का आणि तारीख घेतलीच, ५ सप्टेंबर. कारण सगळा हिशोब तारखेवर आहे, आणि शिक्का नसेल तर तुमचा अर्ज कधी आला हे तेच ठरवणार.

पुढे नेहमीचंच, गणपती झाल्यावर या, अकाउंटवाल्या मॅडम रजेवर आहेत, कॅन्सल्ड चेक परत द्या आधीचा सापडत नाहीये. शेवटी घटस्थापनेच्या दिवशी यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार टाकली, शिक्क्याच्या कॉपीचा फोटो जोडून. आठवड्याभरात कॉलेजमधूनच फोन, "अहो सर, तक्रार कशाला, सांगायचं ना."

एक सांगायचं राहिलं, कॅपची सीट सोडणाऱ्यांचं गणित वेगळं आहे, तिथे कॅप चालवणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलच्या तारखेच्या आत स्वतःच्या लॉगिनमधून कॅन्सल करावं लागतं, नुसता कॉलेजात अर्ज देऊन भागत नाही.

२१ ऑक्टोबरला पैसे जमा झाले, ६१ हजार ९००. शंभर रुपये कसले म्हणून विचारलं तर आयकार्ड जमा केलं नाही त्याचे. आयकार्ड त्यांनी दिलंच नव्हतं.