हेर्दुब्रेइद की हेल्गाफेल?

ठाण्यात भूशास्त्र शिकणाऱ्या माझ्या भाचीला आइसलँडमध्ये हिमनदीखाली घडलेला एकच ज्वालामुखी पाहता येणार आहे. कोणता निवडावा, हे तिला ठरवता येत नाही. १,६८२ मीटर उंचीचा हेर्दुब्रेइद दुर्गम पठारावर असल्याने तिथे उन्हाळ्यातच, फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीने पोहोचता येते, म्हणजे खर्च आला. पण त्याच्या माथ्यावरचा सपाट लाव्हा उद्रेकाने बर्फ भेदल्याची साक्ष देतो आणि त्यावरून तेव्हाच्या बर्फाची जाडी ताडता येते, हे मला विलक्षण वाटते. रेक्याविकजवळचा, सुमारे ३४० मीटरचा हेल्गाफेल पायी चढता येतो. तिथे लाव्ह्याची टोपी नाही, मात्र बर्फ वितळून झालेल्या पाण्यात फुटलेल्या ज्वालामुखी काचेचा तपकिरी, खरखरीत खडक, आपल्या ठाण्याजवळच्या पारसिक डोंगराच्या काळ्या बेसाल्टहून अगदी निराळा, हाताने चाचपता येतो. खडक जवळून अभ्यासायचा असेल तर हेल्गाफेल, बर्फाचा इतिहास वाचायचा असेल तर हेर्दुब्रेइद.