जळगावातलं प्रिंट्स आणि फोटोंचं प्रदर्शन, आईला घेऊन गेले होते

रविवारी आईला घेऊन अमळनेरहून जळगावला गेले, दोन मैत्रिणींचं प्रदर्शन लागलंय, एक लिनोकट करते, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून त्याचे छाप काढते, दुसरी फोटो काढते, विषय निसर्ग आणि बाईपण. मला वाटलेलं फुलं, वेली आणि मोकळ्या केसांची बाई असेल, पण पहिल्याच प्रिंटपाशी दहा मिनिटं थांबले.

घड उतरवून तोडलेली केळ आणि तिच्या बुंध्याला बिलगून उभं पील, म्हणजे शेजारी फुटलेलं नवं रोप, बस्स एवढंच. रावेर-यावल साईडला ज्यांच्या बागा आहेत त्यांना सांगायला नको, केळ एकदाच निसवते, घड दिला की ती संपली, पुढचं पीक पिलावर. कापलेल्या खोडातले पदर तिने इतके बारीक कोरलेत ना! लिनोकटमध्ये जे कोरून काढलं ते कागदावर पांढरं राहतं, चित्रही उलटं कोरायचं, त्यामुळे एक घाव चुकला की गेलंच. खाली पेन्सिलीने ४/१५, म्हणजे पंधरातला चौथा छाप.

फोटोवालीने जुन्या सुती साडीच्या तुकड्यांवर निंबाच्या डहाळीचे सायनोटाईप केलेत, लोखंडाच्या क्षारांचं पाणी लावायचं, अंधारात वाळवायचं, वर डहाळी ठेवून उन्हात धरायचं आणि साध्या पाण्याने धुवायचं की गडद निळा रंग उतरतो. ॲना ॲटकिन्स या बाईंनी १८४३ मध्ये याच पद्धतीने समुद्री शेवाळाचं पुस्तक काढायला घेतलं होतं. आपल्या उन्हाचा यापेक्षा सुंदर उपयोग मी तरी पाहिला नाही.

तक्रार एकच, हॉलवाल्यांचे लाईट काचेवर इतके चमकतात की काही फोटो तिरकं उभं राहून बघावे लागले, आणि माहितीच्या चिठ्ठ्या नुसत्या इंग्रजीत, मराठीत पाहिजेतच.

कापूस वेचणाऱ्या बाईचा एक मोठा फोटो आहे, चेहरा नाही, फक्त कमरेला बांधलेली, कापसाने भरलेली ओटी आणि बोंडाच्या काट्यांनी ओरखडलेली बोटं. आई बघतच राहिली. मग म्हणाली, "आशी गाठ नही ऱ्हास बेटा, सुटी जास." ती फोटोवाली पोरगी लगेच आली, वाईट वाटून न घेता म्हणाली, काकू दाखवा ना, आणि आईने तिथेच तिची ओढणी घेऊन तिच्या कमरेला ओटी बांधून दिली.

केळीचं प्रिंट मी घेतलं. चार दिवस अजून आहे, घरातल्या म्हाताऱ्या बायांना सोबत न्या.