शुक्रवारची यादी की रेडिओवरचा माणूस?

नवं संगीत नियमित ऐकायचंय आणि एकाच प्रकारात अडकायचं नाही, असं ठरवलं की दोन वाटा समोर येतात. स्ट्रीमिंग ॲप दर आठवड्याला आपल्यासाठी तयार ठेवतं ती यादी, ही एक. दुसरी म्हणजे एखादा जाणता निवेदक इंटरनेट रेडिओवर आठवड्यातून दोन तास निरनिराळ्या प्रकारांतली नवी ध्वनिमुद्रणं लावतो, तो कार्यक्रम. पहिल्या वाटेवर मी तीन वर्षं होतो आणि दुसरीवर येऊन दोन वर्षं होत आली. ॲपची वर्गणी अजून चालू आहे, त्यामुळे ‘हे घ्या, ते टाका’ असं सांगायचा मला फारसा अधिकार नाही. कल मात्र आहे आणि तो पुढे दिसेलच.

ताजेपणात ॲप जिंकतं, त्यात वादच नाही. १० जुलै २०१५पासून जगभर नवं संगीत शुक्रवारी प्रकाशित करायचं असं ध्वनिमुद्रण व्यवसायानं ठरवलं. त्याआधी ब्रिटनमध्ये सोमवार आणि अमेरिकेत मंगळवार असा घोळ होता. आता शुक्रवारी सकाळी उठावं तर यादी तयार असते. रेडिओवाला माणूस आधी स्वतः ऐकणार, त्यातलं निवडणार, कार्यक्रमाचा दिवस येणार, मग लावणार. दोन-तीन आठवडे सहज जातात. हिप-हॉप ऐकणाऱ्याला हा उशीर परवडत नाही, कारण तिथे शुक्रवारच्या अल्बमवरची चर्चा सोमवारपर्यंत संपलेली असते. मला तीन आठवड्यांनी काही फरक पडला नाही. तुम्हाला पडत असेल, तर खरं म्हणजे तुमचा निर्णय इथेच झाला.

घोडं अडतं ते ‘निरनिराळ्या प्रकारांतलं’ या शब्दांवर.

शिफारशीची यंत्रणा मुख्यतः एका साध्या तर्कावर चालते. तुमच्यासारखी आवड असलेले लोक आणखी काय ऐकतात ते पाहायचं आणि तुमच्यापुढे ठेवायचं. जुन्या गाण्यांसाठी हा तर्क फार छान चालतो. स्पॉटिफायनं २०१५मध्ये सोमवारची तीस गाण्यांची यादी सुरू केली, तेव्हा लोक तिच्यावर उगाच नाही लुब्ध झाले. पण आज सकाळी प्रकाशित झालेलं गाणं अजून कोणी ऐकलेलंच नसतं. ‘तुमच्यासारख्या लोकांचा’ दाखला आणायचा कुठून? मग यंत्रणा नादाची लय, पोत, वाद्यं यांचं पृथक्करण करून अंदाज बांधते किंवा सरळ तुमच्या ओळखीच्या कलाकारांचं नवं काम पुढे करते. परिणामी नव्या संगीताची यादी बऱ्याच अंशी जुन्या ओळखीच्यांची होते.

माझ्या यादीत पियानो, डबल बेस आणि ड्रम्स अशी जॅझ त्रिकुटं असायची. कारण मी तेच ऐकत होतो. वाईट मुळीच नसायची, पण काही महिन्यांनी कुठलं कोणाचं हे आठवेनासं झालं. एकदा मुद्दाम तीन आठवडे मेटल, म्हणजे जड गिटारींचं दणदणीत रॉक, ऐकलं, म्हटलं बघू काय करतंय. यादी अर्धी मेटलची झाली. अर्धी त्रिकुटं, अर्धं मेटल, आणि मधे काही नाही. दोन बेटं आणि पूल नाही. दोन्ही प्रकारांत पाय ठेवून काम करणारे वादक भरपूर आहेत, पण ते मला त्या यादीतून कधी भेटले नाहीत. तीन वर्षांत यादीमुळे कळलेली आणि अजून ऐकतोय अशी नावं मोजायला बसलो, तर दोन्ही हातांची बोटं पुरून उरली. हे काही मोजमाप नव्हे, दुसऱ्या कोणाची गोष्ट वेगळी असू शकेल.

रेडिओवर उलट होतं. तिथे एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना माणूस काहीतरी कारण काढतो. एका कार्यक्रमात निवेदकानं फ्लामेंको या स्पॅनिश संगीतातली बुलेरिया नावाची रचना लावली आणि आधी एवढंच सांगितलं, की हे चक्र बारा मात्रांचं आहे आणि मोजताना सुरुवात बाराच्या आकड्यापासूनच करतात: बारा, एक, दोन, तीन. मी एकतालाच्या बारा मात्रांवर वाढलेला माणूस. तोवर फ्लामेंको म्हणजे टाळ्या आणि आरडाओरडा अशी माझी समजूत होती. त्या वाक्यानंतर मी मांडीवर मोजायला लागलो. पहिल्यांदा चुकलो, दुसऱ्यांदा चुकलो, तिसऱ्या की चौथ्या चक्राला वजनं कुठे पडतात ते लक्षात आलं. आपल्यासारखंच बारा, पण झोक सगळा वेगळा. ही ओळ कुठल्याही यादीत लिहिलेली नसते.

तरीही एवढ्यानं मी बाजू बदलली नसती. कंटाळा, तोचतोचपणा वगैरे माणूस सहन करतो. निर्णय झाला तो स्किपच्या बटणापायी.

झालं असं. एका शुक्रवारच्या यादीत एकोणीस मिनिटांचा एक तुकडा आला. एका तंतुवाद्यावर गजानं ओढलेला एकच सूर, बाकी काही नाही. चाळीसेक सेकंद ऐकलं आणि अंगठा आपोआप पुढच्या गाण्यावर गेला. त्यानंतर काही आठवड्यांनी रविवारी पुस्तकांचं कपाट आवरत होतो, रेडिओ चालू होता. निवेदक म्हणाला की पुढच्या तुकड्यात दुसरा सूर यायला सहा मिनिटं लागतात, तोवर पहिल्यातच काय काय हलतंय तिकडे कान द्या. हातात पुस्तकांची चळत होती, बटण दाबायला हात मोकळा नव्हता, आणि कार्यक्रमात पुढच्या गाण्यावर नेणारं बटणच नव्हतं. तिसऱ्या मिनिटाला त्या एका सुराच्या आत दोन-तीन सूर एकमेकांवर घासताना ऐकू यायला लागले. दुसरा सूर आला तेव्हा मी चळत खाली ठेवून जमिनीवर बसलो होतो.

नाव लिहून घेतलं, ॲपमध्ये शोधलं. तेव्हा कळलं की हा तुकडा मी आधीच ‘ऐकलेला’ आहे. चाळीस सेकंद.

चूक अंगठ्याची, म्हणजे माझीच. पण मग विचार केला की त्या यादीपुढे बसलं की माझा अंगठा तसाच का वागतो? तीस गाणी रांगेत उभी असतात, प्रत्येकाला आपण दारातच विचारतो, काय काम आहे. आणि तो नकार कुठेतरी नोंदलाही जातो. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की ते ‘ऐकलं’ म्हणून मोजलं जातं. श्रोता कुठलं गाणं स्किप करेल ते आधीच ओळखून दाखवा, अशी खुली स्पर्धाच त्या कंपनीनं २०१९च्या एका संगणकशास्त्र परिषदेच्या निमित्तानं घेतली होती. मी वापरतो ते ॲप वेगळं आहे, पण स्किपला कौल मानण्याची रीत सगळीकडे थोडीफार तीच असावी. त्या शुक्रवारनंतर माझ्या यादीत तसं संथ काही आलं नाही. योगायोगही असेल.

आता हा तीस सेकंदांचा हिशेब विलंबित ख्यालाला लावून पाहा. विलंबित एकतालाचं एक आवर्तन मिनिटभर चालू शकतं. तीस सेकंदांत समसुद्धा आलेली नसते. ॲम्बियंट म्हणजे संथ, वातावरणासारखं पसरणारं संगीत, ड्रोन म्हणजे लांबवलेल्या एकाच सुराचं संगीत, जुन्या वळणाचं समूहगायन, संथ मेटल यांचीही तीच गत. जे संगीत सुरुवातीला हात पुढे करत नाही, त्याला यादीत जागा राहत नाही, आणि आपला पिंडही नकळत दारातूनच परत पाठवण्याचा होतो. मला खटकलं ते हे. बाकी सगळ्या गोष्टी मी चालवून घेतल्या असत्या.

रेडिओची बाजू घेतोय म्हणून त्याचे दोष झाकत नाही. निवेदक गाण्याच्या सुरुवातीवर बोलत राहतात, हा तर जुना आजार. परकी नावं धड कळत नाहीत. कळली तरी स्पेलिंग येत नाही, आणि मग अर्धा तास शोधाशोध. बरेच कार्यक्रम काही आठवड्यांनी संग्रहातून काढून टाकले जातात. माझा एक आवडता निवेदक आख्खा हिवाळा फक्त उदास व्हायोलिन लावत बसला होता, त्याच्या घरी काही बिनसलं होतं की काय कोण जाणे. ब्रिटिश निवेदक जॉन पील १९६७पासून २००४मध्ये वारेपर्यंत बीबीसी रेडिओ वनवर होता, आणि नवं संगीत सगळ्या प्रकारांतून शोधून लावण्यात त्याचा हात कोणी धरला नाही. पण तोही अधूनमधून रेकॉर्ड चुकीच्या गतीवर लावायचा, तेव्हा इतरांकडून काय अपेक्षा करायची! शिवाय लोकप्रिय संगीताला असे निवेदक सहसा हातच लावत नाहीत. ज्याला चालू हिट गाणी आणि अधूनमधून थोडं वेगळं असं हवंय, त्याला या कार्यक्रमांत उपाशी राहिल्यासारखं वाटेल.

पैशाच्या दबावाचा मुद्दा मित्रमंडळींत हमखास निघतो, की रेडिओवरचा माणूस विकला जाऊ शकतो. जाऊ शकतो. अमेरिकेत १९५९-६०मध्ये पेओलाची, म्हणजे गाणं लावण्यासाठी निवेदकांना पैसे चारण्याची, संसदीय चौकशी झाली होती. पण यंत्र तटस्थ असतं असंही समजू नका. कमी मानधन मान्य करणाऱ्या गाण्यांना शिफारशीत झुकतं माप देण्याची सोय स्पॉटिफायनं २०२०मध्ये उघडपणे जाहीर केली. त्यामुळे या मुद्द्यावर मी दोघांना सारखंच धरतो. माणसाच्या बाबतीत एवढं बरं असतं, की दोन महिने ऐकलं की तो कुठे वाहवतो ते आपल्याला कळतं आणि तेवढं वजा करून ऐकता येतं.

समीक्षेच्या मासिकांबद्दल थोडक्यात. पाश्चात्त्य अभिजात संगीतासाठी १९२३पासून निघणारं ग्रामोफोन आणि जॅझसाठी डाउनबीट आपापल्या अंगणात उत्तम आहेत. अभिजात संगीतात तर माणसाच्या लेखणीवाचून गत्यंतर नाही, कारण त्याच रचनेची शंभर ध्वनिमुद्रणं असतात आणि शंभर-एकावं का ऐकायचं हे कोणीतरी सांगावं लागतं. साध्या ॲपला संगीतकार, वाद्यवृंदाचा संचालक आणि वादक यांतला फरक नीट सांभाळता येत नव्हता. म्हणून तर ॲपलनं २०२३मध्ये अभिजात संगीताचं वेगळं ॲप काढलं. सगळ्या प्रकारांना कवेत घेणारी प्रकाशनं मात्र आक्रसत चालली आहेत. दहापैकी दशांशापर्यंत गुण देणारं पिचफोर्क हे संगीतसमीक्षेचं संकेतस्थळ जानेवारी २०२४मध्ये जीक्यू या मासिकाच्या छत्राखाली गेलं. तसेही ते गुण मला कधी उमगले नाहीत. मेटलचे आठ पूर्णांक एक आणि लोकसंगीताचे आठ पूर्णांक एक हे एकाच तराजूत कसे बसतात?

मग तुम्ही काय करावं? आवडते पंधरा-वीस कलाकार ठरलेले असतील आणि त्यांचं नवं काही सुटू नये एवढीच इच्छा असेल, तर शुक्रवारची यादी पुरेशी आहे. रेडिओच्या नादी लागू नका, वेळ जाईल. प्रवासात, व्यायाम करताना, तुकड्यातुकड्यानं ऐकत असाल तरी तेच. पण ज्या प्रकारात आपल्याला काहीच कळत नाही तिथे शिरायचं असेल, तर माझ्या मते दोन तासांचा कार्यक्रम लावून फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. एक निवेदक पुरत नाही. दोन धरा, शक्यतो एकमेकांशी न पटणारे. पहिले तीन-चार कार्यक्रम परके वाटतात, तेवढी कळ काढावी लागते. हाताला काम असलेलं बरं, म्हणजे अंगठा गप्प बसतो.

माझा सध्याचा बेत असा. रविवारी रेडिओ, शेजारी कागद, त्यावर जास्तीत जास्त तीन नावं. आठवड्यात ती तीन ध्वनिमुद्रणं ॲपवर पूर्ण ऐकायची. शुक्रवारची यादी फक्त ओळखीच्या मंडळींची हजेरी घेण्यापुरती.

तो एकोणीस मिनिटांचा तुकडा मी नंतर ॲपवर चार वेळा सलग ऐकला. यंत्रणेनं ते इमानदारीनं टिपलं आणि पुढच्या शुक्रवारी त्याच धाटणीचे तीन तुकडे यादीत आणून ठेवले. त्यातले दोन मी मिनिटभरही ऐकले नाहीत.