हायलँड बैल आणि त्याचा किल्ट: एका विणकाम-किटचं परीक्षण

विणलेल्या खेळण्यांना स्कॉटिश पोशाख चढवणारी किटं बरीच मिळतात. त्यांतल्या बहुतेकांत किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा निऱ्यांचा, गुडघ्यापर्यंतचा घागरा) म्हणजे चौकटीच्या नक्षीची एक पट्टी, कमरेला गुंडाळून मागे शिवून टाकलेली. हे किट वेगळं आहे. यातला किल्ट खरोखर किल्टसारखा बेतलेला आहे: पुढे एकावर एक येणारे दोन सपाट पदर, आणि मागे मोजून पाडलेल्या आठ निऱ्या. प्राण्याकडे, म्हणजे झिपऱ्या असलेल्या हायलँड बैलाकडे, मात्र तेवढं लक्ष दिलेलं नाही. तरीही ज्यांना दोन सुयांचं विणकाम चांगलं येतं त्यांनी केवळ या किल्टसाठी हे किट घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

खोक्यात तांबूस रंगाची १०० ग्रॅम डबल निटिंग लोकर येते. गडद निळी, हिरवी आणि काळी शेटलंड लोकर प्रत्येकी २५ ग्रॅम आहे. स्पॉरनसाठी (किल्टच्या पुढे लटकणाऱ्या पिशवीसाठी) थोडी पांढरी केसाळ लोकर, १०० ग्रॅम भरण, डोळे, दोन बटणं, एक छोटी किल्ट-पिन आणि पुस्तिका असते. सुया आपल्या. प्राण्यासाठी ३ मिलिमीटरच्या, म्हणजे आपल्याकडच्या ११ नंबरच्या, कपड्यांसाठी २.७५ च्या, म्हणजे १२ नंबरच्या. डबल निटिंग लोकर एरवी ८ नंबरच्या सुयांवर विणतात. खेळण्यासाठी मुद्दाम बारीक सुया घेतात, म्हणजे वीण घट्ट येते आणि आतलं भरण टाक्यांमधून डोकावत नाही. पुस्तिकेत प्राण्यासाठी १० सेंमीला २६ टाके आणि ३६ ओळी असं माप दिलं आहे. हात सैल असेल तर सरळ १२ नंबरवर जावं. बैल एखाद सेंमीने लहान होईल, बिघडणार काही नाही.

आता किल्ट. रंग ब्लॅक वॉच टार्टनचे आहेत. टार्टन म्हणजे स्कॉटिश चौकटींची ठरावीक नक्षी. याच नावाच्या हायलँड (स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या) रेजिमेंटचं हे टार्टन. १७४६ च्या कायद्याने हायलँड पोशाखावर जी बंदी आली ती १७८२ मध्ये उठली. मधल्या काळात सैन्यातल्या लोकांना तो घालायला मुभा होती. लष्करी किल्टमध्ये निऱ्या बहुधा अशा पाडतात की प्रत्येक निरीवर एकच उभी रेघ मधोमध यावी. दुसऱ्या पद्धतीत निऱ्या मिटल्यावरही टार्टनची पूर्ण नक्षी अखंड दिसते. या किटने पहिली पद्धत घेतली आहे आणि ती टाक्यांच्या हिशेबात इतकी नेमकी बसवली आहे की तो हिशेब इथे मांडायलाच हवा.

एकूण २१६ टाके घालायचे. दोन्ही टोकांना ३६-३६ टाके पदरांचे, मधले १४४ निऱ्यांचे. एका निरीला १८ टाके: ६ दर्शनी, ६ आत वळणारे, ६ त्याखालचे. नक्षी दर ९ टाक्यांनी आणि १२ ओळींनी पुन्हा येते (निळ्या ४, काळ्या २, हिरव्या ४, काळ्या २). किल्टच्या विणीत १० सेंमीला ३० टाके आणि ४० ओळी असल्यामुळे ९ टाके आणि १२ ओळी दोन्हींची लांबी ३ सेंमीच भरते, म्हणून घरं चौरस येतात. १८ टाके म्हणजे नक्षीच्या बरोबर दोन आवृत्त्या, त्यामुळे प्रत्येक निरीवर रेघ त्याच जागी येते. काठ सोडून ३६ ओळी विणल्या की ९ सेंमी लांबी होते.

आडवे पट्टे विणतानाच येतात. उभ्या रेघांसाठी दर नवव्या जागी, दर्शनी बाजूने उलट टाक्यांची एक उभी रांग सोडलेली असते. विणून झाल्यावर त्या खाचेत क्रोशाच्या सुईने काळी साखळी भरायची. चौकटी एकाच वेळी वेगवेगळ्या गुंड्यांनी विणायच्या म्हटल्या तर मागे धाग्यांचं जाळं होतं आणि कापड आखडतं, म्हणून ही पद्धत कितीतरी बरी. साखळी घट्ट ओढली तर मात्र किल्ट उंचीत आखडतो आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना चुण्या पडतात. क्रोशाची सुई ३ मिलिमीटरची घ्यावी, ओळीला एकच साखळी घ्यावी, आणि प्रत्येक रेघ संपली की पट्टी लावून ९ सेंमी भरतात का ते पाहावं. कमी भरले तर ती रेघ उसवावी. पुढची सैल घेऊन भरपाई होत नाही.

निरीची बाहेरची घडी नीट पडावी म्हणून सहावा टाका सुलट ओळींमध्ये न विणता नुसता उचलून घ्यायचा, धागा मागे ठेवून. उलट ओळीत तो नेहमीसारखा विणायचा. आतल्या घडीला उलट टाक्यांची रांग लागते, आणि ती बाराव्या टाक्यावर येते. तिसऱ्या टाक्यावरची रेघ दर्शनी, तिच्यापुढे नऊ टाक्यांवरची लपणारी. म्हणजे जी रांग रेघेसाठी सोडली तीच घडीलाही कामी आली. ती आत जात असल्याने तिथे साखळी भरायची गरजच नाही. आठ रेघांची मेहनत वाचते. हे ज्याने आखलं त्याला विणकाम आणि शिवण दोन्ही कळतं.

इथे चुका कुठे होतात? पहिली चूक मोजण्यात. गडद निळा आणि काळा रंग रात्रीच्या दिव्याखाली सारखेच दिसतात. एक टाका निसटला तर तिथून पुढच्या सगळ्या रेघा सरकतात, आणि ते कळतं थेट निऱ्या मिटताना. दर १८ टाक्यांवर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची खूण घालावी आणि हे काम दिवसा करावं. दुसरी चूक पुस्तिकेची आहे. खालच्या काठाला तिने फक्त दोन ओळी सुलटवर-सुलट विणायला सांगितल्या आहेत. तेवढ्याने काठ वर गुंडाळला जातो. चार ओळी विणाव्यात. काठ दुमडून शिवायचा मोह मात्र टाळावा. खऱ्या किल्टला खाली दुमड नसते, कापडाची किनारच काठ म्हणून ठेवतात. आणि इथे दुमडलं तर निरीत तीनाचे सहा थर होतील.

निऱ्या मिटण्याआधी पट्टी कोमट पाण्यात भिजवून, टॉवेलमध्ये दाबून, ७२ सेंमी बाय ९ सेंमी अशी टाचण्यांनी ताणून वाळवायची. हे टाळलं तर निऱ्या फुगलेल्याच राहतात. मग निरीचे पहिले ६ टाके एका जादा सुईवर, पुढचे ६ दुसऱ्या सुईवर घ्यायचे, दुसरी सुई उलटी फिरवून मध्ये धरायची, आणि तिन्ही सुयांवरचा एकेक टाका एकत्र विणायचा, सहा वेळा. आठही निऱ्यांत मधली सुई एकाच दिशेने फिरवायची. शेवटी १२० टाके उरतात, म्हणजे ४० सेंमी. त्यातले १२ सेंमी पदरावर पदर म्हणून जातात आणि कंबर २८ सेंमी राहते. टाके बंद केल्यावर निऱ्यांवर आडवा धावदोरा घालून, ओलं फडकं ठेवून वाफ द्यावी आणि पूर्ण वाळेपर्यंत धावदोरा काढू नये. नऊवारीच्या निऱ्या रोज नव्याने घालतात. किल्टच्या निऱ्या कायमच्या शिवलेल्या असतात, म्हणून इथे एकदाच जी मेहनत होईल तीच.

वरचा पदर घालणाऱ्याच्या उजव्या कमरेशी बंद होतो. किल्ट-पिन त्याच पदराच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात लावायची, आणि फक्त वरच्याच पदरातून. पुस्तिकेतल्या चित्रात ती दोन्ही पदरांतून गेलेली दिसते, तिकडे लक्ष देऊ नये. पिन पदराला वजन देण्यासाठी असते, बंद करण्यासाठी नाही. खेळणं लहान मुलासाठी असेल तर पिन आणि बटणं दोन्ही वगळावीत: पिनच्या जागी रेशमाने दोन टाके घालावेत आणि पदर शिवून टाकावा.

स्पॉरन चांगला आहे. चौदा टाक्यांची पांढरी पिशवी, तिला तीन काळे गोंडे, आणि तीन टाक्यांचा विणलेला गोफ. टॅम ओ'शँटर टोपी मात्र मोठी होते. पुस्तिका ४८ टाके घालून ८० पर्यंत वाढवायला सांगते. तेवढा घेर शिंगांवर टेकतो आणि टोपी पाठीमागे घसरते. शिंगांमध्ये जागा आहे ७ सेंमी. म्हणून ४० टाके घालावेत, दर पाच टाक्यांत तीन वाढवून ६४ करावेत आणि माथ्याकडे आठ पाकळ्यांत कमी करत जावं. भिजवून एखाद्या छोट्या वाटीच्या बुडावर वाळवली की तिला तो चपटा गोल आकार येतो. वरच्या गोंड्याला टूरी म्हणतात. तो लालच शोभतो आणि किटमध्ये लाल लोकर नाही, तेव्हा घरातली घ्यावी.

मोज्यांवरचे आर्गाइल (शंकरपाळ्याच्या आकाराचे) चौकोन सात वेगवेगळ्या धाग्यांनी विणायला सांगितले आहेत. एवढ्याशा मोज्याला ते जड जातं. मोजा एकरंगी विणून चौकोन दाभणाने टाक्यावर टाका घालून भरावेत, दिसायला फरक पडत नाही.

आता बैल. शिंगांत घालायला तारही दिली आहे. ती वापरू नये. धुताना तिची टोकं विणीतून बाहेर येतात. शिंग घट्ट भरलं की तारेशिवाय उभं राहतं. त्याहून खटकणारी गोष्ट म्हणजे शिंगांची दिशा. हायलँड गायीची शिंगं वर उचललेली असतात, बैलाची आडवी निघून किंचित पुढे वळतात. किल्ट आणि स्पॉरन घातलेल्या बैलाला पुस्तिकेने गायीची शिंगं लावली आहेत. उपाय सोपा आहे: शिंग शिवताना पाव वळसा फिरवायचं, म्हणजे वळण वर न जाता पुढे येतं.

कपाळावरच्या झिपऱ्यांना तिकडे डॉसन म्हणतात, आणि त्यांच्याशिवाय हा प्राणी ओळखूच येत नाही. पुस्तिकेत ६ सेंमीचे धागे सांगितले आहेत, ते आखूड पडतात. १२ सेंमीचे धागे दुमडून, ओळीआड टाक्यात अडकवून, मग तारेच्या ब्रशने हळू विंचरावेत. डोळे त्याआधी आणि भरण घालण्याआधी बसवायला हवेत, कारण मागची चकती आतूनच लागते. तीन वर्षांखालच्या मुलासाठी डोळे भरतकामानेच करावेत. विणीचा टाका ताणला की चकतीसकट डोळा निघू शकतो. भरण १०० ग्रॅम पुरत नाही. पाय कडक भरले नाहीत तर किल्टच्या वजनाने बैल पुढे झुकतो. आणखी २०-३० ग्रॅम जवळ ठेवावं, पण कापूस घालू नये. तो गोळा होतो आणि पावसाळ्यात ओल धरतो.

किट न घेता इथलीच लोकर वापरायची असेल तर बैलाला ॲक्रिलिक चालेल, त्याच्या झिपऱ्या तेवढ्या खऱ्या लोकरीच्या घ्याव्यात. किल्टला ॲक्रिलिक अजिबात घेऊ नये: पाण्याने त्याच्या निऱ्या बसत नाहीत आणि गरम वाफेने धागा कायमचा मऊ पडून लोंबतो. शेटलंड लोकर हाताला जरा खरखरीत लागते, पण त्याच खरखरीतपणामुळे टाके एकमेकांना धरून राहतात आणि घडी टिकते. ती गरम पाण्यात किंवा मशीनमध्ये घालू नये, आटून जाड होते. ठेवताना किल्ट बैलाच्या अंगावरून काढून, निऱ्यांना धावदोरा घालून, कडुनिंबाच्या वाळक्या पाल्यासह बंद डब्यात ठेवावा आणि महिन्याला एकदा उघडून कसर लागली नाही ना ते पाहावं.