सोलापुरातील दारे-खिडक्या: भट्टीत सुकवलेले लाकूड, उष्णता-संस्कारित लाकूड की सागवान?

‘भट्टीतले लाकूड’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू येऊ शकतात, म्हणून निवड करण्यापूर्वी त्यांतील फरक समजून घेणे आवश्यक आहे. नेहमीच्या सुकवणीत तापमान साधारण ४० ते ८० अंश सेल्सिअस असते. त्यात लाकडातील पाणी निघून जाते. घटकद्रव्ये मात्र जवळपास जशीच्या तशी राहतात, आणि पावसाळ्यात तेच लाकूड पुन्हा ओल धरते. उष्णता-संस्कारित लाकूड १६० ते २३० अंशांपर्यंत तापवलेले असते. ते पेटू नये म्हणून वाफेचा वापर करून प्राणवायू कमी ठेवतात. फिनलंडमध्ये १९९० च्या दशकात ही पद्धत औद्योगिक पातळीवर आली.

या उष्णतेत सर्वांत आधी तुटते ते हेमिसेल्युलोज, म्हणजे लाकडाच्या पेशीभिंतीतील साखरेच्या साखळ्यांचे द्रव्य. त्याला चिकटलेले अॅसिटिल गट सुटून अॅसिटिक आम्ल तयार होते आणि हे आम्ल पुढची मोडतोड आणखी वेगाने घडवते, म्हणजे लाकूड एका अर्थी स्वतःच्याच आंबटपणात शिजते. पाण्याला धरून ठेवणारे हायड्रॉक्सिल गट त्यामुळे घटतात. लाकडाच्या तंतूंचे मुख्य द्रव्य असलेल्या सेल्युलोजचा स्फटिकमय भाग बराचसा टिकतो. तंतूंना एकमेकांशी चिकटवून ठेवणाऱ्या लिग्निनचे प्रमाण तुलनेने वाढते आणि त्याचे रेणू एकमेकांत अधिक गुंततात. परिणामी हवेतून ओल शोषण्याची क्षमता जवळपास निम्म्यावर येऊ शकते. एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडणारा कोरडा उन्हाळा आणि सप्टेंबरचा जोराचा पाऊस यांच्यात आकसणारे, फुगणारे आणि शेवटी चौकटीत अडकणारे दार ज्यांनी खांदा लावून उघडले आहे, त्यांना या गुणाची किंमत वेगळी सांगायला नको.

मात्र हेमिसेल्युलोज गेले की चिवटपणाही जातो. सागवानावर रंधा मारला की लांब, गुंडाळलेला छिलका निघतो; उष्णता-संस्कारित लाकडाचा बारीक, ठिसूळ भुगा पडतो आणि त्याला करपलेल्या साखरेसारखा वास येतो. वाकताना आणि विशेषतः धक्का बसताना ते लवकर तडकते, त्यामुळे तुळई, जिना किंवा वजन पेलणारा खांब यांसाठी ते वापरू नये. (हातमागाच्या धोट्यासाठी तर विचारही करू नये.) उरलेल्या आम्लामुळे साधे खिळे गंजतात, म्हणून स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू घ्यावेत आणि त्यांच्यासाठी आधी भोक पाडून घ्यावे.

आपल्याकडे खरा निकाल वाळवी लावते. उष्णतेच्या संस्काराने बुरशीला हवे असलेले अन्न आणि ओल कमी होते, पण वाळवीपासून भरवशाचे संरक्षण मिळत नाही. सागवानाच्या पक्क्या गाभ्यात वाळवीला दूर ठेवणारी टेक्टोक्विनोनसारखी द्रव्ये निसर्गतःच असतात. बाहेरच्या फिकट भागात हे बळ नसते, त्यामुळे स्वस्त पडते म्हणून असा माल घेतला तर सागवानाचे नावच तेवढे पदरात पडते.

माझ्या मते भिंतीत आणि जमिनीला टेकणारी चौकट व उंबरा गाभ्याच्या सागवानाचाच असावा. खिडक्यांच्या झडपा, गॅलरीच्या पट्ट्या आणि दर्शनी भिंतीवरचे आच्छादन यांसाठी उष्णता-संस्कारित लाकूड सरस ठरते. फक्त उन्हात ते राखाडी पडते, म्हणून तपकिरी रंग हवा असल्यास अतिनील किरणांपासून राखणारे तेल वेळोवेळी लावावे लागते. आतल्या कपाटासाठी सुकवलेले साधे लाकूड पुरते.

खरेदी करताना किती अंशांवर संस्कार झाला ते विचारावे आणि कडेचा एक तुकडा कापून पाहावा: उष्णतेने आलेला तपकिरी रंग थेट आतपर्यंत असतो, वरून चढवलेला रंग पृष्ठभागाजवळच संपतो.